आमची कोठी

"फेंको इके! पेलाँ बाहेर फेंको! भूसो बल जावेगा!"

भाभी अशी ओरडली की तिकडे इंदुरात सियागंजच्या बाजारात हम्मालांच्या पाठीवरची पोती घसरली असतील. म्हैस ताडकन उठली, आढ्याला टांगलेल्या लसणाच्या जुड्या हलल्या, आणि आमच्या कारखान्याचे नवे साहेब, मूळचे कोल्हापूरचे, नुकती पेटवलेली सिगारेट बोटांत धरून जागच्या जागी थिजले. त्यांच्या मागे थेट कौलांपर्यंत गव्हाचा भुसा रचलेला. एक ठिणगी पडायचा अवकाश होता, सांवेर रोडवरच्या कारखान्यांची सगळी धुराडी लाजली असती एवढा धूर निघाला असता.

भाभीचं बरोबर होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. तरी मी जे बोललो ते बोललोच. ते सांगायचंच आहे, पण त्याआधी मी त्या गोठ्यात साहेबांना घेऊन कसा पोचलो ते सांगतो. तेवढंच जरा लांबतं.

मी एका कारखान्यात गोदाम सांभाळतो. राहतो मल्हारगंजात. आमचे पूर्वज दरबारच्या फौजेत होते, आणि माझ्या सांगण्यात ते दर दिवाळीला एक हुद्दा वर चढतात. आता सेनापती व्हायला दोनच पायऱ्या उरल्यात. तर एकदा कँटीनमध्ये साहेब आपल्या कोल्हापूरच्या घराचं वर्णन करत होते. चौक काय, कारंजं काय. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची पण कोठी आहे ना साहेब, सांवेरच्या पुढे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. इंदुरात कोठी म्हटलं की बंगला: फाटक, पोर्च, दोन माळी. पण गावाकडे कोठी म्हणजे धान्य साठवायची मातीची कणगी. माणसाच्या छातीएवढी उंच, खाली गहू काढायला हात जाईल एवढं भोक, त्यात चिंधीचा बोळा. मी म्हणालो ती ही. साहेबांनी ऐकली ती दुसरी. मी त्यांना सांगायला हवं होतं, पण त्यांनी विचारलं, "किती मजली हो?" आणि मी म्हणालो, "दोन." बुधवारी तिला सज्जा फुटला. शनिवारपर्यंत दारातून अंबारीसकट हत्ती जायला लागला.

खरी कोठी होती दादाच्या गोठ्यात. दादा म्हणजे भाभीचा नवरा. माझ्या वडिलांनी जमीन विकली ती त्याच्या वडिलांना. जमीन गेली, विहीर गेली, गोठाही गेला. पण ते म्हातारबा म्हणाले होते, ही कोठी तुमचीच राहील. तेव्हापासून नव्या गव्हाची पहिली टोपली त्या कोठीत पडायची आणि आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत एक पोतं मल्हारगंजात आमच्या दारात यायचं. कुणी मागितलं नव्हतं. म्हातारबा गेले, माझे वडील गेले, पोतं यायचं थांबलं नाही. त्या गव्हाचे बाफले खाऊन मी एवढा वाढलोय, आणि तोंड त्याहून जास्त.

आणि त्या गोठ्याचं काय सांगू! दादाच्या लग्नात हलवाई तिथेच बसला होता. शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा चौथीचा वर्ग तिथे भरायचा, आणि म्हशीला सत्तावीसपर्यंत पाढे येत होते हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सुट्टीत आम्ही मुलं भुशात उड्या मारायचो आणि आठ दिवस कानातून काड्या निघायच्या.

साहेब मागेच लागले, कोठी दाखवा. बाईसाहेबांनाही फोटो काढायचे होते. मग मी डोकं चालवलं. साहेबांना सांगितलं, मुख्य इमारत चुलत्यांनी पाडली, आता फक्त मागची पागा उरली आहे, जिथे घोडे बांधायचे. आणि दादाला फोन केला, "रविवारी पाहुणे आणतोय, कोठी बघायला."

दादाला वाटलं मी खरंच कोठी दाखवायला आणतोय.

साहेब, बाईसाहेब आणि मी पोचलो तर कोठी ताज्या मातीने लिंपलेली. वर भाभीने पांढऱ्या मातीने आणि गेरूने मांडणे काढले होते. मोर, पानं, मध्ये स्वस्तिक. भोकातल्या चिंधीच्या जागी नवं लाल फडकं. दादा धुतलेला सदरा घालून तिच्या बाजूला उभा, नवरदेवाच्या बापासारखा. "देखो भाऊ," म्हणाला, "थाकी कोठी." म्हणजे तुमची कोठी.

साहेबांनी वळून विचारलं, "काय म्हणतोय?"

मी पुढे झालो, अंगातलं जाकीट काढलं आणि कोठीच्या तोंडावर टाकलं. म्हणालो, "काही नाही, दाण्याचं पिंप आहे. घोड्यांचं." जाकिटाखालून मोराची फक्त शेपटी दिसत होती. दादाला मराठी बोलता येत नाही, पण इंदुरातल्या मराठी माणसांना लसूण विकता विकता त्याला सगळं समजायला लागलं होतं. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, बस.

मी मात्र सुटलोच. कुठे कुठला घोडा बांधायचे, कोणता चावायचा, कोणत्याने एकट्याने लढाई जिंकली. म्हशीचा खुंटा दाखवून म्हणालो, इथे पंचकल्याणी. ती म्हैस गाभण होती, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी माझ्याकडे सरळ पाहणारी तेवढी एकच होती. साहेब खूश झाले. खूश झाले की ते सिगारेट काढतात.

आणि भाभी ओरडली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मला दिसलं की माझी दोन मजली कोठी, सज्जा, हत्ती, सगळं आता कोसळणार. तर मी काय केलं? मी भाभीवर ओरडलो. ज्या बाईच्या हातच्या भाकरी मी लहानपणापासून खाल्ल्या, तिला सगळ्यांसमोर, हिंदीत, म्हणजे तिला नीट समजावं म्हणून, म्हणालो, "मालिक के मेहमानों से ऐसे बात करते हैं? नौकर हो, नौकर जैसे रहो!"

तिच्या गोठ्यात उभं राहून.

तिने पदर ओढून घेतला. पुढे आली, साहेबांच्या बोटांतली सिगारेट आपल्या हाताने काढून घेतली, बाहेर नेऊन पाण्याच्या बादलीत टाकली आणि घरात गेली. दादाने जाकीट उचललं, त्याला लागलेली माती झटकली आणि माझ्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "माणसं जुनी आहेत तुमची, पण तोंडाळ."

मी म्हणालो, "हो ना."

त्या हंगामात पोतं आलं नाही. आखातीज गेली. बायकोने दोनदा विचारलं, मी दोनदा दोन वेगळी कारणं रचली, दुसरं जास्त छान जमलं होतं. मग एका रविवारी किलोभर शेव आणि मावाबाटी घेऊन एकटाच निघालो. वाटभर माफीचं भाषण पाठ करत होतो. इतकं सुंदर भाषण की ऐकून दगड रडला असता.

दादा गोठ्यात चारा कापत होता. बाजूला पारडू उभं, चार दिवसांचं असेल. पाय फाकवून लटपटत होतं. ते उभं होतं त्या जागी जमिनीवर एक गोल डाग होता, आजूबाजूपेक्षा फिकट. कोपऱ्यात मातीची ढेकळं, एकावर गेरूचं अर्धं पान.

भाषण गेलं कुठल्या कुठे. मी एवढंच विचारलं, "दादा, कोठी?"

त्याने मान वर केली नाही. "फोड़ दी, साब," म्हणाला. "भैंस ब्याई हे, जगो कम पड़तो थो."