दोन विमानांपुरता वेग

मला हळू चालणारा प्रोसेसर हवा होता. ही मागणी दुकानात कोणत्या शब्दांत करायची ते मी घरापासून मनात जुळवत गेले आणि काउंटरपाशी पोचल्यावर सगळं विसरले. मागून आलेल्या दोन गिऱ्हाइकांना पुढे जाऊ दिलं. भिंतीवर लावलेले प्रिंटरचे फोटो पाहिले. शेवटी दुकानदारानेच विचारलं, "बोला म्याडम, काय पायजे?"

"जुना मदरबोर्ड. पेंटियम, नाहीतर त्याच्याही आधीचा. आणि त्यावर बसेल असा प्रोसेसर."

"जुना कायले? नवा घ्या ना."

"नव्यावर चालत नाही."

"काय चालत नाई?"

"एक गेम."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत सोल्डरिंग करत बसलेल्या भावाला हाक मारून म्हणाला, "आइक रे! सारी दुनिया पुढं पळून राह्यली, अन् म्याडमले रिव्हर्स गिअर पायजे!"

आतून हसण्याचा आवाज आला. मीही हसले. आपण हसलो की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे मला शाळेपासून माहीत होतं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी शिक्षण संपवून वर्धेतच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला लागले होते. माझ्या घरी नवं मशीन होतं आणि तो गेमही माझ्याजवळ होता. शाळेच्या लॅबमधून फ्लॉपीवर उतरवून घेतलेला, मग फ्लॉपीवरून सीडीवर चढवलेला. पण त्या जुन्या गेमला स्वतःचं घड्याळ नव्हतं. प्रोसेसर जितका जोरात धावेल तितक्याच जोरात तो धावायचा. घरच्या मशीनवर सुरू केला की स्क्रीनवरची दोन छोटी विमानं, एक लाल आणि एक निळं, उडताक्षणी भिंतीवर आपटून संपत. बोट कीपर्यंत पोचतच नसे.

लाल विमान माझ्या मैत्रिणीचं होतं. शाळेत मशीनं कमी आणि मुलं जास्त, म्हणून दोघींत एक मशीन मिळायचं. सातवीपासून ती माझ्या डाव्या हाताला बसली. तिच्याकडे अक्षरांच्या कीज, माझ्याकडे बाणांच्या. सर पाठ फिरवून फळ्यावर लिहीत असले की आमची लढाई सुरू. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली मैदानावर गप्पा मारत फिरत आणि आम्ही चपला बाहेर काढून लॅबमध्ये शिरत असू. ती पुलगावहून शाळेच्या बसने यायची, भरपूर बोलायची, वर्गात सगळ्यांशी तिचं पटायचं. माझं फक्त तिच्याशी.

लग्न करून ती अकोल्याला गेली. फोन होत राहिले, मग थोडे कमी झाले, मग सणावारांपुरते उरले. त्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मी पुलगावला भेटायला गेले, तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "बोल." मी विचारलं, "बरी आहेस?" ती म्हणाली, "हो." मग तिने विचारलं, "लॅब कशी आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे." काकू म्हणजे तिची आई चहा घेऊन आल्या, त्यांच्या मागून शेजारच्या दोन बायका आल्या आणि त्या डोहाळजेवणाबद्दल बोलू लागल्या. मी चहा संपवून निघाले. परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट दिसत होती. बाळ झालं की ती अकोल्याला जाणार आणि त्यानंतर आमच्यात विचारायला 'बरी आहेस?' एवढंच उरणार. तिला परत मिळवायचं असेल तर बाळंतपणाच्या आत काहीतरी करायला हवं होतं. बोलणं मला जमणार नव्हतं. खेळणं जमलं असतं.

म्हणून जुनं मशीन. आता अशा मशीनला लोक हौसेने रेट्रो म्हणतात. तेव्हा त्याला भंगार म्हणत.

दुकानदाराने मागच्या खोलीतला ढीग दाखवला. "पाहा तुमचं तुमी. मले तं सारे सारखेच."

ते सारखे नव्हते. मी पहिला बोर्ड उचलून उजेडात धरला. स्लॉटच्या पितळी पट्ट्यांवर पांढरा थर होता, आणि सोल्डरच्या थेंबांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही. आमच्याकडे मे महिन्यात माणसाला जगायचं तर खिडकीत कूलर लागतो, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. आणि घरात नवीन कॉम्प्युटर आला की सगळ्यांनी तो मोठ्या प्रेमाने त्याच कूलरच्या समोर ठेवला. महागाची वस्तू, तापू नये म्हणून. ओली हवा, तीही आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याची, दर उन्हाळ्यात बोर्डांवर बसत गेली. वर्धेतले जुने मदरबोर्ड गरमीने नाही, गारव्याने मेले होते.

ढिगाच्या तळाशी दोन बरे निघाले. एक ४८६चा, म्हणजे पेंटियमच्या आधीच्या प्रोसेसरचा. त्याचा वेग अगदी शाळेतल्या मशीनच्या जवळचा, पण त्यावरची बॅटरी फुटून तिच्या पाण्याने शेजारच्या बारीक रेषा खाल्ल्या होत्या. दुसरा पेंटियमचा, कोरडा, स्वच्छ. मला दोन्ही हवे होते आणि दोन्ही नको होते. मी एक खाली ठेवायचे, दुसरा उचलायचे. दुकानदार दारात येऊन म्हणाला, "म्याडम, नवरा पाहून राह्यल्या का?"

मी पेंटियमचा घेतला, त्यावरच्या प्रोसेसरसकट.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. पेंटियमसुद्धा या गेमसाठी फार जोरात होता. बोर्डवर जम्पर नावाच्या बारीक प्लास्टिकच्या टोप्या असतात. कोणत्या पिनांवर टोपी घालायची त्यावर प्रोसेसरचा वेग ठरतो. मी सगळ्यात खालचा वेग लावला. तरी विमानं सुसाट. मग सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याच्या आतली वेगवान मेमरी, बंद केली. मशीन एकदम म्हातारं झालं. आता विमान स्क्रीनच्या या टोकाहून त्या टोकाला जायला किती वेळ घेतं ते पाहायचं. पण किती घ्यायला हवा? मोजायला काहीच नव्हतं. फक्त आठवत होतं की लाल विमान माझ्यामागे लागलं की ती एका दमात म्हणायची, "मेली मेली मेली, आता मेली," आणि तेवढ्यात विमान स्क्रीन ओलांडून जायचं. मी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणून पाहत होते. आईने दारातून डोकावून विचारलं, "कोण मेलं?"

मग पंख्याचा प्रश्न. प्रोसेसरवरचा मूळ पंखा सुरू होताच चरचर करायचा, आतलं तेल वाळलेलं. तो काढून मी नुसतीच उष्णता खेचून घेणारी ॲल्युमिनियमची मोठी हीटसिंक बसवली, मेलेल्या एका मशीनची. मंद चालणारा प्रोसेसर तापतो कमी, तेव्हा पंख्याशिवाय भागेल असा माझा हिशोब. वर्धेला नाही, पण महाबळेश्वरला तो बरोबर निघाला असता. आमच्या खोलीत संध्याकाळीसुद्धा भिंतीला हात लावला की गरम लागायची. थोड्या वेळाने स्क्रीन गोठली. मी हीटसिंकला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पुन्हा जुना पंखा. त्याचं स्टिकर उचकटून शिलाई मशीनचं तेल सोडलं, तेव्हा चरचर थांबली. मग वाटलं, छोट्या पंख्याची हवा पुरेल का? दुसरा आणला. त्याची क्लिप बसेना. पुन्हा पहिला. रोज लॅबमधून आले की मी कॅबिनेट उघडायचे, रोज काहीतरी बदलायचे. आदल्या दिवशी बरोबर वाटलेला वेग दुसऱ्या दिवशी चुकीचा वाटायचा.

आई एकदा म्हणाली, "ते झालंय की. जा ना आता तिच्याकडे."

"अजून थोडं हलतंय."

"काय हलतंय?"

मी पुन्हा कॅबिनेट उघडलं. त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. "येतेस का बाई," ती म्हणाली, "का डायरेक बारशालेच येशील?"

"रविवारी येते."

"नक्की?"

"एक वस्तू आणतेय."

"मले वस्तू नको. येजो फक्त."

रविवारी मी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून पुलगावच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक खड्ड्याला हीटसिंक निसटली असं वाटायचं. शेजारच्या बाईने विचारलं, "देवघर हाय का?" मी मान हलवली. सोपं होतं ते.

मी फोनवर विचारलं होतं म्हणून तिच्या वडिलांनी त्यांच्या दुकानातला मॉनिटर आणि कीबोर्ड घरी आणून ठेवला होता. ती भिंतीला उशा लावून बसली होती, पायांवर सूज, चेहरा गोल झालेला. पलंगाजवळ टेबल ओढलं, हीटसिंक जागेवर आहे का ते पाहायला कॅबिनेट उघडलं आणि तसंच उघडं ठेवून वायरी जोडल्या. पण खिडकीतला कूलर थेट टेबलावर वाहत होता. मला ते पांढरे थर दिसू लागले.

"काकू," मी म्हटलं, "कूलर थोडा वेळ बंद करायचा का? मशीनला ओली हवा चालत नाही."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय म्हनते हे पोट्टी? माह्या लेकीले गरम होऊन राह्यलं अन् तू डब्ब्याची काळजी करतेस?"

"आई, कर ना बंद. एवढं घेऊन आली ते," मैत्रीण म्हणाली.

"पाच मिनिटं. मंग मी काई आइकनार नाई." त्यांनी बटण बंद केलं आणि पुटपुटत आत गेल्या.

गेम सुरू झाला. लाल विमान, निळं विमान, तेच ढग, तीच करड्या रंगाची जमीन. कीबोर्ड तिच्या पोटापुढे मावेना, म्हणून तिरका धरला. पहिल्या फेरीत मी जिंकले, दुसऱ्या फेरीत मी जिंकले. ती "मेली मेली" म्हणत नव्हती. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तो ओढणीने टिपत होती.

"वेग बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"काय माहीत. हळू वाटते."

"हळू? मी फार बारकाईने लावलाय. थांब, जम्पर बदलते." मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"ठेव ते."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"ठेव म्हटलं ना." तिने माझं मनगट धरलं. "एक सांगू? राग नको मानू. मले हा गेम कधी आवडलाच नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. निळं विमान जमिनीवर आपटलं.

"मले मैदानावर जायचं असायचं," ती म्हणाली. "पण तू बोलायची नाहीस कोणाशी. लॅबमध्ये तेवढी शेजारी बसायचीस, ओरडायचीस, हसायचीस. म्हणून यायची मी. आता काऊन खेळायचं? तू आली ना. बोल की माझ्याशी."

खोलीत उकाडा दाटला होता. मी उठले आणि कूलर सुरू केला. ओली हवा टेबलावरून, उघड्या कॅबिनेटवरून तिच्या अंगावर गेली. तिने डोळे मिटले. मशीन बाजूला सरकवायला हवं होतं. मी ते सरकवलं नाही.

"काय बोलू?" मी विचारलं.

"काहीही. इथं येणारे सारे एकच बोलतात. सगळ्यांचं नीट होते, तुझंही होईल. कोणी विचारत नाही, भीती वाटते का म्हणून."

"वाटते?"

"खूप," ती म्हणाली. "अन् तिकडं अकोल्यात मी कोणाले सांगत नाही. तिकडं मी तुझ्यासारखी झाली. 'हो', 'ठीक आहे', 'बरी आहे.'"

माझ्या हातात अजून स्क्रू ड्रायव्हर होता. तो खाली ठेवायलाही मला वेळ लागला. मग मी म्हटलं, "तू गेल्यापासून मी कोणाशी बोललेच नाही. लॅबमध्ये मुलं विचारतात तेवढ्याला उत्तर देते. आईला जेवायला काय हवं ते सांगते. परवा दुकानात एक जण म्हणाला, मी मदरबोर्ड नाही, नवरा पाहून राह्यले, आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं ते. सांगायला कोणी नव्हतं."

ती खुदकन हसली. "पुन्हा सांग. कसा म्हणाला?"

मी सांगितलं. दुकानदाराच्या आवाजात सांगितलं. मग रिव्हर्स गिअर सांगितला, बसमधलं देवघर सांगितलं, आईने 'कोण मेलं' विचारलं ते सांगितलं. ती पोटाला हात लावून हसत होती आणि मला थांबता येत नव्हतं. मग मी तिला विचारलं की नक्की कशाची भीती वाटते, कळांची की अजून कशाची, आणि तिने सांगितलं. सावकाश, एकेक करून. मी मध्ये बोलत होते, विचारत होते. एका जागी मी म्हटलं, "याची मलाही वाटली असती," आणि ते खरं होतं.

काकू पन्ह्याचे ग्लास घेऊन आल्या तेव्हा मीच बोलत होते. त्या दारातच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"बाप्पा! हे बोलते?"

"आई, गुपचूप ठेव ते ग्लास," मैत्रीण म्हणाली. "तिले थांबू नको देऊ."