तीन मिनिटांच्या परराष्ट्रमंत्री

परराष्ट्र खात्यात नवीन मंत्री आला की त्याचा एक पानी परिचय छापतात. परदेशी पाहुण्याच्या हातात आधी ते पान पडतं, मंत्री नंतर भेटतो. त्यामुळे कागदावरचा मंत्री नेहमीच थोडा उंच असतो आणि प्रत्यक्ष भेटीत पाहुण्याला नजर जरा खाली आणावी लागते. हे पान लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या वर्षी मंत्री म्हणून आली ती माझी सख्खी मावशी.

लोक म्हणायचे, हा मावशीच्या वशिल्याने चिकटला. वास्तविक मी तिच्या दोन वर्षं आधी परीक्षा देऊन खात्यात लागलो होतो. तेव्हा वशिला लागलाच असेल, तर तो माझा तिला लागला असणार.

मी आपलं जे होतं ते लिहिलं. शिक्षण : दहावी, गणितात दुसऱ्या खेपेला. नोकरी : ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर, एकोणीस वर्षं. परदेशवारी : नाही. सचिवसाहेबांनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग लाल पेनाने एकोणीस वर्षं खोडून तिथे ‘दूरसंचार क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव’ असं लिहिलं. दहावीचं ‘शालेय शिक्षण जन्मगावी’ झालं.

“यात खोटं काही नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही सर,” मी म्हणालो. खरंही काही उरलं नाही, हे मनात म्हणालो. नोकरी टिकवायची होती.

खरं म्हणजे जे खोडलं गेलं तेच मावशीचं आयुष्य होतं. एकोणिसाव्या वर्षी ती बोर्डासमोर बसली. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, डोक्यावर हेडफोन. त्या काळी दूरगावचा फोन तीन-तीन मिनिटांच्या हप्त्याने मिळायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये पडून विचारायचं, “तीन मिनिटं झाली. वाढवायची का?” पलीकडे लग्न ठरत असो की मोडत असो, विचारायचं. मावशीने हे वाक्य एकोणीस वर्षं, दिवसाला शंभरदा म्हटलं. घरीही म्हणायची. आई आणि ती बोलत बसल्या आणि आई जरा लांबली, की मावशी भाजी निवडता निवडता म्हणायची, “ताई, तीन मिनिटं झाली.”

काका, म्हणजे मावशीचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. एक्स्चेंजच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ बिघडलं तेव्हा ते पहिल्यांदा तिथे आले. मग ते घड्याळ तीन महिने सारखं बिघडत राहिलं. लग्न ठरल्यावर मात्र ते आजतागायत एकदाही बंद पडलेलं नाही. काकांनी लग्नात तिला मुठीएवढं चावीचं घड्याळ दिलं, बरोबर तीन मिनिटांनी टिण् करणारं.

राजकारणात ती खुर्चीसाठी आली, आणि हे तिला स्वतःला सांगायला आवडतं. ऑपरेटर बायकांना पाठ नसलेली स्टुलं होती. आठ-आठ तास बसून कंबरेचं भजं व्हायचं. अर्ज करून झाले, मग मावशीने एक दिवस सगळ्यांना उभं केलं. काम चालू, फोन जोडणं चालू, फक्त उभ्याने. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पाठीच्या खुर्च्या आल्या आणि तेराव्या दिवशी मावशी युनियनची अध्यक्ष झाली. पुढे नगरपालिका, मग खासदारकी, मग एक छोटं खातं. परराष्ट्र खातं मात्र भांडणातून मिळालं. दोन बड्या नेत्यांना ते हवं होतं, आणि एकाला दिलं तर दुसरा रुसणार होता. म्हणून ते जिच्यावर कोणीच रुसलेलं नव्हतं तिला दिलं. शपथ घेतल्यावर तिने पासपोर्ट काढला. कचेरीतल्या बाईंनी व्यवसाय विचारला, तर ही म्हणाली, “परराष्ट्रमंत्री.” बाईंनी मान वर न करता विचारलं, “कायम की हंगामी?”

“हंगामी,” मावशी म्हणाली.

तिला येऊन महिना झाला असेल. धुक्यात इंजिन बंद पडून आपली एक मालवाहू बोट खाडीपलीकडच्या देशात वाहत गेली. बोटीवर अकरा माणसं. पलीकडच्यांना वाटलं, ही मंडळी टेहळणीला आली. टेहळणीला कोणी कौलं भरून बोट नेत नाही, पण संशयाला कौलं दिसत नाहीत. अकरा जणांना अडकवून चाळीस दिवस झाले होते.

बोटीवरच्या स्वयंपाक्याची बायको एका दुपारी मंत्रालयात आली. मावशीने तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला.

“सोडवा असं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “ते तुम्ही बघताच आहात. फक्त त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का, तेवढं विचारा. जाताना एक महिन्याच्या नेल्या होत्या.”

मावशीने चिठ्ठीवर लिहून घेतलं. “विचारते,” ती म्हणाली. ती बाई गेल्यावर मावशीने सचिवांना बोलावलं. “पलीकडच्या मंत्र्यांना फोन लावा.”

“लावतोय मॅडम,” सचिव म्हणाले. “नऊ दिवस लावतोय.”

तेव्हा कळलं ते असं. दोन मंत्र्यांचा फोन जोडताना आधी लाइनवर कोण येणार, हा मानाचा प्रश्न असतो. जो आधी येतो तो थांबतो, आणि जो थांबतो तो लहान. पलीकडचे म्हणत, तुमच्या बाई येऊ देत, मग आमचे साहेब येतील. आपले सचिव म्हणत, साहेब येऊ देत, मग बाई. नऊ दिवस दोन्ही कचेऱ्या एकमेकींना “तुम्ही आधी, तुम्ही आधी” करत होत्या. दारात अडलेल्या दोन जावयांसारखं.

“आणि त्या दिवसांत त्या माणसाच्या गोळ्या संपल्या,” मावशी म्हणाली. ती हसत नव्हती. “पलीकडे बोर्डावर कोण असतं?”

“कोण म्हणजे? असेल कोणी ऑपरेटर.”

“बाई की बाप्या?”

सचिवांना माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला इतकी साधी गोष्ट विचारू नये, असा त्यांचा चेहरा झाला. मावशी उठली. मेजावरचं काकांचं घड्याळ उचललं आणि तळमजल्यावरच्या बोर्डाच्या खोलीत निघाली. मी वही घेऊन मागोमाग.

आमच्या बोर्डवाल्या ताई मावशीला दारात पाहून उभ्या राहिल्या. “बसा हो, मीच बसायला आलेय,” मावशी म्हणाली. तिने आधी खुर्चीची पाठ हलवून बघितली, मग हेडफोन चढवला. मला नोंद घेण्यासाठी दुसरा दिला. तिने दोरी खोचली तेव्हा ती मंत्री वाटली नाही, आणि पहिल्यांदाच त्या इमारतीत आपल्या घरी असल्यासारखी वाटली.

“हॅलो, बोर्ड?”

“बोला,” पलीकडून एक थकलेला बाईचा आवाज आला.

“नऊ दिवस तुमचाच आवाज येतोय म्हणे, ताई. दुसरी कोणी नाही का ड्यूटीला?”

“दुसरी आजारी आहे. डबल करतेय.”

“खुर्चीला पाठ आहे ना?”

“आहे. हलते.”

“कागदाची घडी करून खालच्या फटीत सारा, बसते. बरं, ऐका. तुमचे म्हणतात यांचे आधी, आमचे म्हणतात त्यांचे आधी. यात बोटं तुमची आणि माझी दुखतात. आपण दोघी तीन मोजू आणि एकदम जोडू. मग आधी कोणी नाही आणि नंतरही कोणी नाही.”

पलीकडून प्रश्न आला. “तुमच्या बाई खरंच असतील ना? मागच्या मंगळवारी आमचे साहेब ‘हॅलो’ म्हणाले आणि तुमच्याकडून कोणी कारकून बोलला. साहेब दोन दिवस धड जेवले नाहीत.”

तो कारकून मी होतो. मी वहीत डोकं घातलं.

“बाई जागची हलणार नाही. माझी जबाबदारी.”

“मोजा मग.”

एक, दोन, तीन. आणि नऊ दिवसांचा फोन जोडला गेला. मावशीने सवयीने घड्याळाला चावी दिली. तेवढ्यात सचिव अकरा मुद्द्यांचा कागद घेऊन धापा टाकत जिना उतरून आले. सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला आणि ते माझ्या कानाशी कुजबुजले, “म्हणजे आपण आधी लाइनवर होतो. संपलं.”

पलीकडच्या मंत्र्यांची भाषा आपलीच, फक्त हेल वेगळा. ते कागदावरून वाचत होते. खाडीचं पावित्र्य, सीमेचा मान, उभय देशांचे संबंध. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण सभागृहात मागच्या रांगेत बसलोय असं वाटावं. मावशी “हं, हं” करत होती. ते दुसऱ्या पानावर आले आणि घड्याळ टिण् झालं.

“तीन मिनिटं झाली. वाढवायची का?” मावशी म्हणाली.

म्हणजे म्हणून गेली. एकोणीस वर्षांची जीभ, तिला मंत्रिपद कुठून कळणार? सचिव जवळच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलाला पाठ नव्हती, आणि तिची गरज त्यांना तेव्हा प्रथम पटली असावी. पलीकडे काहीच आवाज नाही. मी लिहिलं, ‘शांतता’, आणि पुढे काय लिहावं कळेना म्हणून ते अधोरेखित केलं. मावशीचा हात चिठ्ठीवर होता. अकरा माणसं तिच्या एका सवयीमुळे अजून चाळीस दिवस अडकणार, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

“हे कोण बोललं?” पलीकडून विचारलं.

“मीच,” मावशी म्हणाली. “माफ करा. एकोणीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होते. सवय जात नाही.”

“ऑपरेटर होतात? माझ्यासमोर तुमचा परिचय आहे, त्यात दूरसंचार क्षेत्र लिहिलंय. मला वाटलं, कारखानाबिरखाना असेल.”

सचिव छताकडे बघायला लागले.

“मी बाहेर शिकायला होतो,” पलीकडचे मंत्री म्हणाले, आणि आवाज एकदम मागच्या रांगेतून शेजारच्या खुर्चीत आला. “आठवड्यातून एकदा घरी फोन. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांची खुशाली सांगायची आणि मुद्द्यावर यायची वेळ झाली की ती बाई मध्ये पडायची. चार वर्षं मला मुद्दा कळला नाही.”

“म्हणून मुद्दा आधी सांगायचा असतो.”

“मग सांगा. वाढवा तीन मिनिटं.”

सचिवांनी अकरा मुद्द्यांचा कागद पुढे केला. मावशीने तो बाजूला ठेवून चिठ्ठी घेतली. “बोटीवर एक स्वयंपाकी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात का त्याला? त्याच्या बायकोला मी विचारते म्हणून सांगितलंय.”

“तेवढंच?”

“आधी तेवढं.”

ते “थांबा” म्हणाले. आणि आमच्या परराष्ट्रमंत्री लाइनवर थांबल्या. घड्याळ पुन्हा टिण् झालं, आणखी एकदा झालं, सचिवांनी दोन्ही वेळा डोळे मिटले. पलीकडून माणूस परत आला तेव्हा तो हसत होता.

“मिळतात. आमचा डॉक्टर देतो. पण तुमच्या माणसाची एक तक्रार आहे. आमचा स्वयंपाकी मीठ जास्त घालतो म्हणे. पंधरा दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याला शिकवतोय. टेहळणीला आलेला माणूस मिठावरून भांडेल असं मला तरी वाटत नाही.”

“बोटीत कौलं आहेत हो,” मावशी म्हणाली. “मोजून घ्या.”

“मोजली. दोनदा.” मग ते म्हणाले, “गुरुवारी सोडतो. बोटीसकट.”

संध्याकाळी सचिवांनी मला बोलावलं. परिचयाचं पान मेजावर होतं. ‘दूरसंचार क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव’ त्यांनी स्वतःच लाल पेनाने खोडलं होतं, आणि वर नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : टेलिफोन ऑपरेटर, एकोणीस वर्षं. दहावीचं मात्र तसंच ठेवलं होतं. एका दिवसात माणसाने सुधारायचं तरी किती.

गुरुवारी दुपारी धक्क्यावरच्या कचेरीतून मंत्रालयात फोन आला. स्वयंपाक्याची बायको होती. “उतरले,” ती म्हणाली, “वजन वाढलंय. देऊ फोन त्यांच्याकडे?” मग स्वयंपाकी आला आणि त्याने मीठ हा विषय सुरू केला. तिकडच्या मिठाचा खडा केवढा, आमटीत ते कधी घालायचं, त्या माणसाला किती वेळा सांगितलं. सचिव सहीची फाइल घेऊन दारात उभे होते. मेजावरचं घड्याळ टिण् झालं. मावशीने सवयीने तोंड उघडलं, मग घड्याळ उचलून खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

“हं,” ती म्हणाली, “मग आमटीचं काय झालं?”

सचिवांनी फाइल काखेत धरली आणि दाराला टेकले. कोणीतरी थांबायला हवंच होतं.