युसूफचा पाय आणि ब्रेकचा दाब

युसूफ पिशोर गावचा, मी शहरातल्या छावणी भागातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून फौजेत सगळे आम्हाला भाऊ समजत. तो नाईक हुद्द्याचा ड्रायव्हर, मी व्हेइकल मेकॅनिक. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. ब्रेक मी दुरुस्त करायचो आणि घाट उतरला की साहेबांची शाबासकी त्याला. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असं मी तोंडावर म्हणायचो. तो हसायचा, मला त्या हसण्याचाही राग यायचा.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर त्याला मीच शिकवला. पेडल दाबलं की दांडी पिस्टनला ढकलते. पिस्टन तेलाच्या टाकीकडचं भोक बंद करतो आणि कोंडलेलं तेल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोचवतं. आत दोन खाने असतात, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. एका बाजूची नळी फुटली तर पेडल खोल जातं, पण दुसरा खाना धरतो. नवे ड्रायव्हर इथंच घाबरतात आणि पाय उचलतात.

"म्हंजी जवर पाय, तवर दाब?" युसूफने विचारलं होतं.

"व्हय. पाय काढला की तेल माघारी."

त्या सकाळी आम्ही पोस्टवरून जवानांना घेऊन उतरत होतो. युसूफची गाडी पुढे, बंद पडलेल्या गाड्या ओढणारी माझी रिकव्हरी गाडी मागे. वरून दरड सुटली आणि एक धोंडा त्याच्या पुढच्या चाकावर आदळला. शेजारच्या जवानाने रेडिओ त्याच्या तोंडाशी धरला.

"नळी फुटली. पेडल खाली चाललंय. ओव्हर."

"पाय उचलू नको. अजून दाब. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"धरलं."

गाडी रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाशी थांबली. जवान उड्या मारून उतरले. हँडब्रेक ओढलेला होता, पण त्या उतारावर तो एकटा पुरेना. मी चाकाखाली लावायचे लाकडी गुटके घेऊन धावलो.

"उतर, युसूफ."

"आधी गुटके लाव. पाय काढला तर गाडी सुटंल, अन् खालच्या वळणावर रस्ता साफ करणारी आपली पोरं हायेत."

एक गुटका बसला. दुसरा घेऊन मी मागून फिरलो, तेवढ्यात रस्त्याची कड खचली. गाडी युसूफसकट बाजूच्या खोल नाल्यात गेली. खालच्या वळणावर कुणालाही ओरखडा आला नाही.

फौज सोडून आता मी वाळूजच्या कंपनीत आहे. पिशोरला त्याच्या नावाची कमान आहे. दरवर्षी तिथं हार पडतात, भाषणं होतात. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे कळतं, तरी पोटात दुखायचं. मला कंपनीत वॉचमनसुद्धा नावाने ओळखत नाही.

यंदा कार्यक्रमानंतर त्याच्या अम्मीने मला घरी नेलं. चहा ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझे केस पिकले की रे."

"व्हय, अम्मी. वय झालं."

"तुझ्या मायला हे बघाया मिळालं. मला तिचा लई हेवा वाटतो."

गेला तेव्हा नाईक युसूफ सव्वीस वर्षांचा होता.