सोनकीवरचा गुणी भुंगा

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर अंगावर सांडाल. माझी शोभा कशी झाली ते आता मीच सांगायचं, दुसरं काय!

निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला आणि रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर रानफुलांचे फोटो काढायला लागलो. फुलं बिचारी थांबतात हो! पण त्यांच्यावरच्या माश्या, भुंगे? मी गुडघे टेकून नेम धरेपर्यंत पसार! माझ्याकडे नुसत्या रिकाम्या फुलांचा ढीग साठला.

आणि एके दिवशी पिवळ्याधमक सोनकीवर एक भुंगा सापडला. हलेचना! मी पोटावर आडवा झालो, खोकलो, शिंकलोसुद्धा. गडी ढिम्म. असा गुणी भुंगा मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. तळाशी अर्थातच, 'कृपया आहेर आणू नये.' मग काय! तो फोटो भला मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि खाली सोनेरी अक्षरांत छापलं, 'असेच एकरूप व्हा.' हा आहेर थोडाच, ही तर कला!

"अहो, नंतर घरी नेऊन द्या की," बायको म्हणाली. ऐकतो कोण? मी थेट स्टेजवर चढलो, माइक मागून घेतला आणि सगळ्या कार्यालयाला ऐकवलं, "बघा, बाकीचे भुंगे या फुलावरून त्या फुलावर. हा जागचा हलत नाही. संसार असा करावा!"

टाळ्या पडल्या. नवरी मात्र फोटोत डोकं खुपसून बसली होती. मुलगी कॉलेजात कीटकांविषयीच शिकवते, हे मला कुठे ठाऊक!

"मामा," ती हळूच म्हणाली, "हा मेलाय."

"कोण?"

"भुंगा. ही बघा, पाकळ्यांच्याच रंगाची कोळीण. फुलात दबा धरून बसते. तिनं याला मानेला धरलंय आणि आता शोषून घेतेय."

मी चष्मा पुसून पाहिलं. पिवळ्यावर पिवळे पाय! आणि खाली माझी सोनेरी अक्षरं. भाच्यानं हसत हसत सासऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांनी विहिणींना, आणि पंगतीपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली.

"फोटो मात्र अफलातून आहे हं, मामा," नवरी म्हणाली. "दिवाणखान्यातच लावणार."

मग बायकोबरोबर रिक्षात बसलो. मला खरंच वाईट वाटत होतं. म्हटलं, "एवढा जवळून बघत होतो गं, मला कसं कळलं नाही?"

"धरलेल्याला कुठे कळतं?" ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्हीही असेच शांत बसलायत."