मनुबाईची कलती तबकडी

येळ्ळूरच्या मनुबाईला कुणी "जरा सरका" म्हटलेलं खपत नाही. ते म्हणायचा हक्क तिचा. बेळगाव-खानापूर गाडीवर कंडक्टर म्हणून तिचं अर्धं आयुष्य गेलं. "मुंदे होग्री, मुंदे होग्री" अशी कानडीत पुढं सरकायची हाळी घालून ती मराठी, कानडी, कोकणी सगळ्यांना एकाच दमात गाडीच्या मागल्या दारापासून पुढं रेटते. गल्लीत तर असंही बोलतात की, स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा हिनं भटजींना "आवरा आता, टाइम झाला" म्हणून सुनावलं होतं. खरंखोटं तिच्या नवऱ्याला, मारुतीरावांना ठाऊक, आणि मारुतीराव या विषयावर आजतागायत तोंड उघडत नाहीत.

ही बाई तबकडीच्या नादाला लागली त्याला कारण एक म्हैस. म्हैस रस्त्यात आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि वरच्या दांड्याला धरलेला मनुबाईचा उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात काही डोक्यावर जाईना. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम ठेवा. आता येळ्ळूरात हलका व्यायाम म्हणजे काय? भाताची लावणी, नाहीतर दुसऱ्याच्या घरची भांडणं. दोन्ही झाल्यावर ती एका रविवारी गडाखालच्या माळावर जाऊन उभी राहिली. तिथं साईराज तबकड्या फेकत होता.

साईराज गावचाच. फिनलंडात शिकायला गेला, आणि येताना डिग्रीबरोबर डिस्क गोल्फ नावाचं खूळ घेऊन आला. लांबवर एक लोखंडी खांब, खांबाला सायकलच्या जुन्या चेनी लोंबकळणाऱ्या, त्याखाली टोपली. तबकडी फेकत फेकत, कमीत कमी फेकींत त्या टोपलीत घालायची. गावानं आधी तोंडात बोटं घातली, मग तीच काढून टाळ्या वाजवल्या. बेळगावात लॅबमध्ये काम करणारी रचना रविवारी स्कूटर काढून यायला लागली. आणि मनुबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "आण हिकडं, बगू."

साईराजनं शिकवलं मात्र मनापासून. उजव्या हाताची तबकडी छातीजवळून आडवी फेकली की आधी उजवीकडं कलते आणि वेग मेला की शेवटी डावीकडं वळून खाली बसते. कुठली किती कलणार हे तिच्या घडणीवर. एक जात हट्टी: लाख जोर लावा, उजवीकडं जायचं नाव नको, डावीकडं जायची मात्र घाई. दुसरी जात कलती. तिला इंग्रजीत अंडरस्टेबल म्हणतात. ती उजवीकडं मनमोकळी वळते, डावीकडं परतायला कुरकुरते. लांब फेकायच्या तबकडीला ड्रायव्हर म्हणतात म्हटल्यावर मनुबाईनं लगेच विचारलं होतं, "मग कंडक्टर कुठली?"

तिच्या वाट्याला आलेली तबकडी निळी, स्वस्त प्लास्टिकची, कलती. खरं तर ती साईराजनं कंटाळून बाजूला टाकलेली. त्याच्या जोरदार हातातून सुटली की उजवीकडं उलटून जमिनीत तोंड खुपसायची. मनुबाईच्या हाताला तेवढा वेगच नव्हता. घंटीची दोरी ओढावी तसा तिचा हात चाले, खांद्याखालून, मनगटाच्या झटक्यानं. तीच तबकडी तिच्या हातून सरळ तरंगत जायची. मग ती दगडांवर आपटली, बाभळीला धडकली, काठ बोथटले, खरवडले गेले. जशी झिजली तशी आणखी कलायला लागली. मनुबाई सोडताना तिचा डावा काठ जरा खाली धरायला लागली. मग तबकडी वाटेत स्वतःच सरळ व्हायची आणि मऊसूत वळण घेऊन उजवीकडं उतरायची. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी.

सगळं बरं चाललेलं. त्यात निपाणीच्या मंडळींनी सामना ठेवला. दोन्हीकडून तिघं तिघं. साईराज आणि रचना नक्की. तिसरी जागा मनुबाईची, असं मनुबाई धरून चाललेली. तेवढ्यात साईराजचा मामेभाऊ भावकू सदलग्याहून आला. दंड असे की शर्टाच्या बाहीला दम लागत होता.

"आक्का," साईराज जरा खाली बघत म्हणाला, "भावकूचा हात लांब पडतोय. आन् निपाणीकरांच्या म्होरं ह्या फुटक्या बशीनं कसं खेळायचं? मी नव्या तबकड्या मागवल्यात. खेळायचं तर नव्यानं."

"दे नवी," मनुबाई म्हणाली.

नवी करकरीत, लालभडक, हट्टी जातीची. मनुबाईनं फेकली. ती निघाली न निघाली तोच डावीकडं वळली आणि घाणेरीच्या झुडपात शिरली. भावकू हसला. मग त्यानं ऐटीत मनुबाईची निळी उचलली आणि सगळा दंड पणाला लावून भिरकावली. निळी उजवीकडं उलटली आणि धाडकन जमिनीवर आदळली.

"मोडकी हाय ही," भावकू म्हणाला. "आन् आत्ती, रागावू नगा, तुमी दोगी बी झिजलायसा."

"व्हय, झिजलीया मी," मनुबाई म्हणाली. "तुज्यासारक्या फुकट्यांस्नी गाडीतनं उतरवून उतरवून झिजलीया. पन बाळा, तू अजून तिकीटच काडलं न्हाईस, आन् शिटावर बसाय बगतुयास."

रचना खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडं वळली.

शेवटी ठरलं ते असं: दसऱ्याला दुपारी, सोनं लुटायच्या आधी, चिंचेच्या खांबावर दोघांनी एकेक फेक करायची. ज्याची तबकडी खांबाच्या जवळ पडेल तो निपाणीला जाणार. तबकडी कुठलीही चालेल, एवढं मनुबाईनं भांडून मिळवलं. चिंचेचा खांब म्हणजे मोठ्या चिंचेच्या बरोबर मागं. फांद्या इतक्या खाली आलेल्या की तबकडीला डावीकडनं जाऊन उजवीकडं वळसा घालूनच मागं उतरावं लागतं. निळीसाठी जणू करून ठेवलेली वाट. मनुबाई घरी आली ती गुणगुणतच.

आणि इथं मारुतीराव आडवे आले. माणूस देवमाणूस. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. त्यांच्या हाताला खरखरीत कड सहन होत नाही. पाहुण्यांच्या घरी गेले तरी दाराच्या कडीवरून बोट फिरवून बघतात. खंडेनवमीला तर त्यांच्या अंगात येतं. विळा, कोयता, कुऱ्हाड, पाने, पकडी, मनुबाईची शिट्टी, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. यंदा पाटावर मधोमध निळी तबकडी बसली होती. आरशासारखी चमकत.

मनुबाई ड्युटीवरून आली. पाट बघून दारातच थांबली.

"अवो, हिला काय केलासा?"

"नवी केली," मारुतीराव अभिमानानं म्हणाले. "कसली खरवडलीती, बगवत नव्हतं. पॉलिश पेपरनं सगळी कड काडली, वरनं बफ मारला. उद्या तुजं हत्यार त्ये. हत्यार असं ठेवत्यात व्हय?"

मनुबाईनं बोटानं काठ चाचपला. काठ कुठला, बाळाची टाळू नुसती. नवऱ्यानं नवी करायला घेतली आणि पुढच्या पाच वर्षांची झीज एका बैठकीत उरकून टाकली. आता पूजेत मांडलेल्या हत्याराला शिव्या द्यायच्या नसतात, आणि शिव्या तर घशापर्यंत आलेल्या. ती गपकन बसली, हळदकुंकू वाहिलं, मग उठून म्हणाली, "उद्या सांजच्याला तुमच्यासंगट बोलतो."

शिव्या नाहीत, नुसतं "बोलतो". मारुतीराव ते ऐकून लवकर जेवून झोपले.

दसऱ्याला उजाडताच मनुबाई माळावर. तिनं निळी रोजच्यासारखी सोडली. निळी सरळ व्हायला थांबलीच नाही. उलटतच गेली, आणि चिंचेच्या अलीकडंच उजव्या काठावर आपटली. परत फेकली, परत तेच. डावा काठ आणखी खाली धरला, तर ती उंच जाऊन लाडात येऊन डावीकडच्या ओढ्यात. रचना स्कूटर लावून आली तेव्हा आक्का ओढ्यातून चिखलासकट वर येत होत्या.

"आक्का, माझी एक कलती आहे, बऱ्यापैकी नवी. ती घ्या," रचना म्हणाली. "साईराजला नाही सांगत मी."

"तुजी फेकून मी जित्तली तर जित्तलं कोन? तुजी तबकडी." मनुबाईनं निळी पदराला पुसली. "मला हीच टाकायची हाय. निपाणीला न्हाय गेलो तर न्हाय गेलो. पन त्या सदलग्याच्या पोरानं मोडकी म्हटलीया हिला."

"पण ती आता वळतच नाही, उलटते नुसती."

"उलटती न्हवं? मग उलटू दे."

असं म्हणून तिनं हट्टानं निळी आणखीनच उजवीकडं कलवून, सपाटून फेकली. ती पार उलटली, काठावर पडली, आणि पडून न राहता उभीच्या उभी चाकासारखी पळत सुटली. बैल बसून बसून घट्ट झालेल्या त्या जमिनीवरून गडगडत थेट बांधाला जाऊन टेकली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मनुबाईनं चिंचेकडं बघितलं. फांद्या खाली आलेल्या खऱ्या, पण जमिनीपासून दोन वीत तरी मोकळी जागा होती. तिथनं कुणी तबकडी घालायचा विचार केला नव्हता, कारण हवेतली तबकडी तिथनं जातच नाही.

"बोलू नगंस कुणाला," मनुबाई म्हणाली, आणि उन्हं वर येईतोवर ती एकच फेक घोकत राहिली. चार चुकायच्या, एक जमायची.

दुपारी अर्धं येळ्ळूर चिंचेपाशी. वारा तोंड फिरवून समोरून यायला लागला. समोरचा वारा म्हणजे कलती तबकडी आणखी उलटणार. साईराजला ते कळलं. पोरगं मनानं वाईट नाही, जवळ येऊन हळूच म्हणाला, "आक्का, वारा म्होरनं हाय. नवी घ्या, मी देतो. उगं हसं व्हईल."

"हसतील तर हसू देत. तिकीट लावलंय व्हय त्याला?"

भावकू आधी. त्यानं लाल हट्टी तबकडी चिंचेच्या शेंड्यावरून उंच मारली. गेली मात्र दिमाखात. पण हट्टीच ती, शेवटी डावीकडं वळली आणि खांबापासून बैलगाडीभर अंतरावर बसली. तरी फेक चांगली होती. लोकांनी टाळ्या दिल्या. भावकूनं बाही सारखी केली, जिला सारखी व्हायला जागाच नव्हती.

मनुबाई पुढं झाली. निळी उजवीकडं एवढी कलवून धरली की मागनं कोणी तरी म्हणालं, "उलटी धरलीस गं." तिनं वळून बघितलं नाही. घंटीची दोरी ओढावी तसा हात ओढला आणि सोडली.

निळी वाऱ्यात शिरली, उलटली आणि चिंचेच्या अलीकडं जमिनीवर आपटली.

"झालं," भावकू म्हणाला.

झालं नव्हतं. काठावर पडलेली निळी उभी राहून पळत सुटली. चिंचेच्या सावलीत घुसली, एका मुळीवर उडी खाल्ली, डगमगली, परत सावरली, बुंध्याला उजवीकडनं चाटून पलीकडं बाहेर पडली. मग दम सुटला तशी वर्तुळं घेत घेत आडवी झाली. लोक वाकून वाकून फांद्यांखालनं बघायला लागले. निळी खांबापासून हातभर लांब पडली होती.

"टप्पा पडला," भावकू गरजला. "टप्पा पडला की बाद."

"कुटं लिवलंय?" मनुबाईनं विचारलं.

"लिवलेलं कशाला पायजे? दिसतंय की. तबकडी उडवायची असती, टायरागत पळवायची न्हाय. साईराज, सांग की रं."

सगळ्यांची तोंडं साईराजकडं वळली. मामेभाऊ एकीकडं, आणि ज्या खेळाच्या शपथा तो चार वर्षं खात होता तो खेळ एकीकडं. त्यानं चिंचेकडं बघितलं, मग निळीकडं. खोटं बोलायला माणसाला निदान थोडा वेळ लागतो. साईराजला खरं बोलायलाच लागला.

"रोलर म्हणत्यात त्याला," तो शेवटी म्हणाला. "चालतंय. फिनलंडात सगळीच टाकत्यात. झिजलेल्या तबकड्या लोक त्याच्यासाठीच जपून ठेवत्यात." मग मान खाजवून म्हणाला, "मी तुमाला शिकवाय पायजे होतं. सुचलं न्हाय."

भावकू काही तरी पुटपुटत लाल तबकडी आणायला गेला. रचनानं शिट्टी घातली, आणि लॅबमधल्या पोरीला अशी शिट्टी कुठनं येते याची चर्चा पुढं आठवडाभर गल्लीला पुरली.

"तिसरी जागा तुमची, आक्का," साईराज म्हणाला. "पण एक ऐका. निपाणीचं मैदान मऊ हाय, गवाताळ. तितं ही पळायची न्हाय. तितं तेवढी नवी घ्या."

मनुबाईनं निळी उचलली. बफ मारलेल्या चमकत्या काठाला चिंचेच्या मुळीनं एक चांगला ओरखडा पाडला होता. तिनं त्यावर अंगठा फिरवला.

"न्हाय," ती म्हणाली. "तितं गेल्यावर गवात बगीन, वारा बगीन, आन् ह्याच तबकडीला इचारीन कसं जायाचं त्ये. हरलो तर माजी मी हरीन. आन् आयक, निपाणीला पयली फेक माजी."

"पयली कॅप्टन टाकतोय, आक्का."

"मग कॅप्टननं मुंदे होग्री," मनुबाई म्हणाली, आणि साईराज खरोखरच वाटेतून बाजूला झाला.