बाक बदलणारा दत्ता

मंगलचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. मंगल दुपारी कधी फोन करत नाही, म्हणून उचलतानाच मन चरकलं. "वैशे, दत्ता गेला गं," ती म्हणाली. क्षणभर मला कळेचना, कोण दत्ता. आमच्या भागात दर चार घरांमागे एक दत्ता असतो. "अगं आपला... नाटकवाला," असं ती म्हणाली तेव्हा कळलं. सकाळी त्यानं राहुरीतलं दुकान उघडलं, समोरून चहा मागवला, अर्धा प्यायला आणि खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकली. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. तो कोण होता हे बाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण माझ्यावर त्याचं जे आहे ते मांडून ठेवावं असं रोज वाटत होतं, म्हणून लिहायला बसले.

पंच्याण्णव-शहाण्णवचं साल. आम्ही राहुरीच्या शाळेत नववीत होतो. वर्ग एक असला तरी त्यात चार-पाच गावं नांदत होती. पहिल्या दोन बाकांवर आम्ही, म्हणजे कृषी विद्यापीठाच्या कॉलनीत राहणाऱ्या मुली. वडील विद्यापीठात नोकरीला, इस्त्रीचे फ्रॉक, दोन घट्ट वेण्या आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत वर गेलेला हात. आम्हाला सगळे 'पोपट' म्हणत. मधल्या बाकांवर बाजारपेठेतल्या मुली, त्यांची पुढारी मंगल. ती रुमालाला सेंट लावून यायची, म्हणून ती 'हिरॉईन'. खिडकीकडे कबड्डीवाले, गुडघे कायम फुटलेले. त्यांच्यामागे 'यष्टीवाले', म्हणजे धरणाकडच्या वस्त्यांवरून एसटीनं येणारी मुलं. शेवटच्या तासाला त्यांचे कान रस्त्याकडे असत, गाडीचा हॉर्न वाजला की दप्तरं उचलून पळत. आणि अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, 'ढ'. कुणी कुठे बसायचं हे कुठल्याच मास्तरांनी ठरवलं नव्हतं. पण जूनमध्ये जो जिथे बसला तो तिथेच रुजला, आणि त्याला जे नाव पडलं ते त्याच्या अंगाला चिकटलं.

दत्ता यष्टीवालाही होता आणि ढही. सातवीत एकदा नापास झाल्यामुळे आमच्याहून वर्षानं मोठा, ओठावर कोवळी मिशी. त्याचे वडील धरणाच्या पाण्यात मासेमारी करायचे, आई भाजी विकायची. वर्गात तो कधी बोलत नसे. कुणी विचारतच नसे म्हणा. नववीच्या अर्ध्या वर्षापर्यंत मी त्याच्याशी एक वाक्यही बोलले नव्हते, हे आज लिहिताना लाज वाटते.

डिसेंबरात गॅदरिंगची तयारी सुरू झाली. आमच्या मराठीच्या देशमुख बाईंनी वर्गात सांगितलं की यंदा छापील नाटुकलं नको, तुमच्यातल्याच कुणीतरी लिहा. आठवडाभर कुणी काही दिलं नाही. मग एके दिवशी बाई एक शंभर पानी वही घेऊन आल्या, तिला खाकी कव्हरही नव्हतं. लेखकाचं नाव न सांगता त्यांनी वाचायला सुरुवात केली. गोष्ट अशी होती की एका वर्गात नव्या बाई येतात. बैठकीचा तक्ता चुकून उलटा धरतात आणि त्याबरहुकूम सगळ्यांना बसवतात. त्यामुळे पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात. पहिल्या तासाला सगळे कावरेबावरे होतात, तिसऱ्या तासाला सवयीचे होतात, आणि शाळा सुटेपर्यंत मागे गेलेली पोपट मुलगी जांभया देऊ लागते, तर पुढे आलेला ढ मुलगा हात वर करतो. वर्ग हसून हसून लोळला. मंगलला तर तिच्या सेंटचा उल्लेख आला तेव्हा उचकीच लागली. मी हसले नाही. त्यात एक मुलगी होती, कुणी न विचारता उभी राहून सहारा वाळवंटाची माहिती घडाघडा म्हणणारी. ती मी होते, आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते. वाचन संपल्यावर बाई म्हणाल्या, "हे आपल्या दत्तानं लिहिलंय." मी मागे वळून पाहिलं तर दत्ता बाकाखाली वाकून काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत होता.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, हे त्यानं लिहिलेलं नाही. त्यानं कुठून तरी उतरवलंय." माझ्याकडे पुरावा नव्हता. मी स्वतःला तेव्हा असं समजावलं की सत्यासाठी करतेय. पण खरं कारण ते नव्हतं, पोपट म्हणून माझी चेष्टा झाली हेही नव्हतं, ते त्याहून खोल होतं. निबंधात दरवर्षी मला सर्वांत जास्त गुण मिळत, आणि आठवडाभर कोरा कागद घेऊन बसूनही मला एक ओळ सुचली नव्हती. ती शेवटच्या बाकावरच्या मुलाला सुचावी, हे मला सहनच झालं नाही.

बाईंनी गोष्ट मनात ठेवली असती, पण स्टाफरूममध्ये आणखी कुणीतरी ऐकलं आणि ती हेडसरांपर्यंत गेली. उतरवलेलं निघालं तर नववीचं नाटक रद्द, असं ठरलं. दत्ताला ऑफिसात बोलावलं. हेडसरांनी त्याला कागद दिला आणि म्हणाले, "बस इथं. तासाभरात मनानं काहीतरी लिहून दाखव." आम्ही वर्गात बसून होतो. गणिताचा तास चालू होता आणि माझं गणित आयुष्यात पहिल्यांदा चुकलं. मनातून मला वाटत होतं, त्याला काही लिहिता येऊ नये. आणि त्याच वेळी, तो कागद कोरा ठेवून बाहेर आला तर मी कुठे तोंड लपवू, असंही वाटत होतं...

त्यानं काय लिहिलं ते बाईंनी नंतर आम्हाला सांगितलं. त्यानं ऑफिसच लिहिलं होतं. हेडसर चष्मा शोधत आहेत. चष्मा कपाळावर आहे. शिपाईमामांना दिसतंय, पण सकाळीच बोलणी बसल्यामुळे ते सांगत नाहीत. हेडसरांनी वाचलं, कपाळाला हात लावला, चष्मा खाली ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "शुद्धलेखनाच्या चुका मोजवेनात, बाई." त्यावर देशमुख बाई म्हणाल्या, "सर, वहीतही याच चुका आहेत. उतरवलं असतं तर चुका तरी दुसऱ्याच्या असत्या." असं दत्ताचं नाटक त्याच्या ऱ्हस्व-दीर्घानं वाचवलं.

दोन दिवसांनी तो माझ्या बाकापाशी आला. वर्गाबाहेर कोवळं ऊन पडलं होतं एवढं आठवतं. वही पुढे करून म्हणाला, "तुला शुद्ध येतं. ह्ये नीट करून दे." मी मान वर न करता वही घेतली. घरी नेऊन सगळी नव्यानं उतरवून काढली. पोपटाचं भाषण बाईंनी वाचलं त्यापेक्षा बरंच लांब वाटलं, पण बाईंनी वाचताना गाळलं असेल असं समजून मी तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं. तालमीला सगळ्यांनी माझ्या वहीवरून संवाद म्हटले. दत्ता पायरीवर बसून ऐकत होता. संपल्यावर त्यानं माझी वही घेऊन चाळली. मग म्हणाला, "'हाय' ते समदं तू 'आहे' केलंस."

"मग? शुद्ध तेच आहे."

"पर आता समदे तुझ्यावानीच बोलत्यात. मंग बाकं बदलून काय फायदा?"

मला राग आला, आणि घरी जाताना कळलं की राग आला कारण तो बरोबर बोलला होता. त्या संध्याकाळी मी खोडरबर घेऊन बसले. शाई असल्यानं खोडलं जाईना, कागद फाटू लागला. शेवटी पुन्हा तिसरी प्रत केली. कबड्डीवाले कबड्डीवाल्यांसारखे, मंगल मंगलसारखी. जिथे अडलं तिथे दुसऱ्या दिवशी दत्ताला विचारलं, "हे तुमच्याकडे कसं म्हणतात?" आणि तो सांगत गेला. नववीच्या त्या पंधरा दिवसांत मी त्याच्याकडून जितकी मराठी शिकले तितकी नंतर एम.ए.लाही शिकले नाही.

गॅदरिंग जानेवारीत, दुपारचं, शाळेच्या मैदानावर मांडव घालून. माझे वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. पोपट मीच झाले होते. पोपटाचं भाषण मी एका दमात म्हटलं, लोक हसले, मला बरं वाटलं. मग बाक बदलले. जांभयांचा शेवट दत्तानं तालमीत बदलला होता. शेवटच्या बाकावर बसून मी हात वर करत होते आणि नव्या बाई झालेली मंगल माझ्याकडे बघतच नव्हती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग माझं वाक्य होतं. मी उभी राहून म्हणाले, "बाई, मला बी येतंय. तुमी हिकडं बघा तरी." कॉलनीतल्या मुलीच्या तोंडी 'मला बी' ऐकून मांडव खदखदून हसला. पण हसू मागून पुढे विरत आलं. मागे यष्टीवाल्यांचे आईबाप बसले होते, ते आधी गप्प झाले. मग पुढचे. मी तशीच हात वर करून उभी. पुढचं वाक्य दत्तानं लिहिलंच नव्हतं, तिथे पडदा होता, आणि पडद्याची दोरी अडकली होती. त्या अर्ध्या मिनिटात, कुणीच आपल्याकडे न पाहणं म्हणजे काय, ते मला समजलं.

सोमवारी देशमुख बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज मागून सुरुवात करू." पहिलाच प्रश्न दत्ताला. त्याचं उत्तर साफ चुकलं. वर्ग हसला, तोही हसला. पण त्याला विचारलं गेलं होतं.

दहावीत त्याचा इंग्रजी विषय राहिला. ऑक्टोबरला सुटला. मग आयटीआय, आणि मग राहुरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची. शाळा मात्र त्याला सोडत नव्हती. दर डिसेंबरात तो जाऊन गॅदरिंगचं नाटक लिहून द्यायचा, मुलांना बोलतं करूनच लिहायचा. मी पुण्याला शिकून नगरला मराठीची शिक्षिका झाले. मुलांच्या वहीत 'हाय' दिसलं की अजूनही माझा हात मध्येच थांबतो.

बऱ्याच वर्षांनी, वडिलांच्या घरची पाण्याची मोटार जळाली म्हणून ती घेऊन मी त्याच्या दुकानात गेले. तो तार गुंडाळत होता, बोटं भराभर चालत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हणाले, "दत्ता, तू उतरवलंस असं बाईंना मीच सांगितलं होतं."

"ठाव हाय."

"कसं?"

"हेडसरांनी तक्रार हाय तशी सांगितली. 'उतरवलंय' असं छापल्यावानी वर्गात तुझ्याबिगर कोन बोलतं?" तो हसला. मग हात थांबवून म्हणाला, "पर तू समजतीस तसं मी लगीच सोडून दिलं न्हाई बरं का. लई राग आलता. ते वाळवंटाचं भाषन चार वळींचं हुतं. तुला वही द्यायच्या आधी मी पानभर केलं. म्हनलं, आता कर पाठ." इतकी वर्षं ते भाषण मी अभिमानानं सांगत आले होते. दोघंही इतके हसलो की समोरचा चहावाला बघायला आला. जाताना तो सहज म्हणाला, "त्या टायमाला हेडसरांनी बसवलं म्हनून कळलं, वैशाली, मला लिव्हता येतंय. न्हाईतर मला वाटायचं, ही वही म्हंजी नुसता टाइमपास." ते म्हणून तो पुन्हा तारेकडे वळला. त्यानं माझं ओझं उतरवलं की नुसतं जागेवरून हलवलं, मला अजून सांगता येत नाही.

परवा मंगल आणि मी दुकानावर गेलो. त्याची बायको शोभा तिथे होती. लोकांच्या मोटारी राहिल्या होत्या, त्या परत करायला ती रोज दोन तास दुकान उघडते. भिंतीशी रांगेनं पंधरा-वीस मोटारी, प्रत्येकीला सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. मी वाकून पाहिलं. एकावरही नाव नव्हतं. दत्ताच्या अक्षरात, दत्ताच्या शुद्धलेखनात, नुसती वाक्यं होती. 'कालपर्यंत गुनी हुती.' 'पोराच्या लग्नापर्यंत चालली पायजे.' 'मोटार बरी हाय वो, पानीच रुसलंय.' शोभा म्हणाली, "मानूस मोटार ठेवताना जे बोललं, तेच लिव्हायचे. नाव लिव्हा म्हनून लई भांडले मी. म्हनायचे, नाव समद्यांचं सारकं असतंय, बोलनं न्हाई."

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी आले, काठी टेकत. "माजी मोटार हुती, बाई." शोभानं विचारलं, "बाबा, ठेवताना काय म्हनला हुता?" ते गोंधळले. आठवू लागले. दुकानात आम्ही तिघी वाट बघत उभ्या. मग त्यांच्या तोंडावर हळूच हसू आलं आणि ते म्हणाले, "म्हनलो हुतो... हिला बी माज्यावानी दम लागतोय."

शोभा रांगेतून चालत गेली, एकेक लेबल वाचत. सातव्या मोटारीपाशी थांबली. सुतळी सोडली, लेबल त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मंगलपुढे धरलं, मंगलनं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पुठ्ठा दुमडून सदऱ्याच्या खिशात घातला, आणि मग मोटारीकडे वळले.