सुकाणू घट्ट केलं, तरी आवाज आला

मंडळी, आज सकाळी मी एक चांगलं काम केलं आणि दुपारी स्वतःच मोडून टाकलं.

सिद्धेश्वर धरणावर आमची शिडाची जुनी होडी आहे. सत्तरच्या दशकात वडिलांनी बांधलेली. तिचं सुकाणू तेव्हापासून ढिलं. धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावावरून जाताना ते हमखास वाजायचं. टक. टक. वडील दुरुस्त करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. तुला काय तकलीफ हाय?"

वडील गेल्या वर्षी वारले. आज मी सुकाणू उतरवलं, झिजलेल्या बिजागऱ्या काढून नव्या बसवल्या, बोल्ट करकचून आवळले. हलवून पाहिलं, केसभरही हलेना.

मग किसनमामांना घेऊन निघालो. मामा वडिलांच्या जोडीनं मासे धरायचे. जुन्या गावावर आलो आणि वारा पडला. शीड लोंबकळलं, होडी थांबली. सुकाणू मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

टक. टक. टक.

आवाज पायाखालच्या फळीतून येत होता. कुणी बाहेरून दार वाजवावं तसा.

"मामा, हे काय वाजून राहिलंय?"

मामांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "काहून घट्ट केलंस रे लेकरा? आता तो आवाज कशाचा म्हणशील?"

वल्हवत काठावर आलो. पाना घेतला आणि सगळे बोल्ट परत ढिले केले.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी वडिलांनी मुद्दाम दुरुस्त केली नाही?